‘मी’ किती ठिकाणी असतो?

वर्तमानपत्रात ‘हरवले आहेत’ अशी जी छोटी चौकट येते, तिच्यात अख्खा माणूस चार ओळींत उरकलेला असतो. वय अमुक, उंची अमुक, रंग गव्हाळ, बांधा मध्यम, अंगात पांढरा शर्ट, मराठी व हिंदी बोलतात. २०१६ साली दिग्दर्शक हेमंत राव यांनी बंगळुरूत घडणारा एक कन्नड चित्रपट केला. त्याचं नावच या चौकटीतून उचललेलं आहे : ‘गोधी बण्ण साधारण मैकट्टु’, म्हणजे गव्हाळ रंग, साधारण बांधा. अल्झायमर झालेले वेंकोब राव शहरात हरवतात आणि त्यांना शोधता शोधता मुलाला कळत जातं की वडिलांबद्दल आपल्यालाही या चौकटीपलीकडे फारसं ठाऊक नव्हतं. वेंकोब राव झालेत अनंत नाग, ज्यांची अभिनयाची सुरुवात मुंबईच्या रंगभूमीवर झाली. चित्रपटातलं गुंडांचं उपकथानक नसतं तरी काही बिघडलं नसतं. पण माणूस हरवला म्हणजे नेमकं काय हरवलं, हा प्रश्न त्याने बरोबर पकडला आहे.

डिमेन्शिया शिरलेल्या प्रत्येक घरात तो प्रश्न कधी ना कधी येतो. मुलगी म्हणते, आई आता आई राहिलीच नाही. भेटायला आलेली मावशी म्हणते, अगं, बोलता येत नसलं तरी आतून तिला सगळं कळतं. दोघींनाही आपापल्या वाक्याचा आधार लागतो, आणि दोघीही पुरत्या बरोबर नाहीत. ‘स्व’ म्हणून जे काही असतं ते एका जागी साठवलेलं नसतं, त्यामुळे ते एकदम रितंही होत नाही. ते तुकड्यातुकड्याने जातं, आणि कुठला तुकडा आधी जातो हे आजार मेंदूत कुठून शिरला यावर ठरतं. गेल्या तीसेक वर्षांच्या संशोधनातून एवढं तरी पुष्कळ स्पष्ट झालं आहे.

या प्रश्नासाठी बंगळुरू ही चांगली जागा आहे. तिथे निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. १९९५ पासून चालणारी तिथली मेंदूपेढी आहे आणि मेंदूचं संग्रहालयही. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात ‘सेंटर फॉर ब्रेन रिसर्च’ आहे. आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात पंचेचाळिशी ओलांडलेल्या हजारो निरोगी गावकऱ्यांची वर्षानुवर्षं तपासणी करत राहण्याचा मोठा अभ्यास हे केंद्र चालवतं. आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत काय सुरू होतं, हे त्यांना पाहायचं आहे. ‘नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट’ने अशा रुग्णांसाठी या शहरात निवासाची आणि दिवसभराच्या सांभाळाची सोय उभी केली आहे. आणि मुलाच्या नोकरीपायी साताऱ्याहून, पुण्याहून, बेळगावहून उचलून आणलेले आईवडीलही बंगळुरूत आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

आकडा आधी सांगून टाकतो. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज मांडला गेला, त्यानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. बायकांत प्रमाण पुरुषांहून जास्त, खेड्यांत शहरांहून जास्त. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हा आजार वयाच्या खात्यात टाकायची सोय आहे, त्यामुळे यातल्या कितीतरी जणांवर डॉक्टरकडे जायची वेळच येत नाही.

माणूस हरवला म्हणजे काय हरवलं, या प्रश्नाचा उगम मात्र रुग्णाच्याच तोंडून झालेला आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टं डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. अलॉइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारलं, तिने ‘ऑगस्टं’ सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तरी ‘ऑगस्टं’च. नाव लिहायला सांगितलं तर पहिला शब्द लिहून पुढचं काय लिहायचं ते ती विसरून जाई. आणि मधेच म्हणे, मी स्वतःलाच हरवून बसले आहे. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती गेली, त्याच नोव्हेंबरात अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतले तंतूंचे गाठोळे आणि प्रथिनांचे साके ट्युबिंगनच्या सभेत मांडले. पुढे जगाने गाठोळे आणि साके घेतले, तिचं वाक्य फायलीत राहिलं. ती फाईल १९९५ मध्ये पुन्हा सापडली.

आठवण म्हणजेच माणूस, हे समीकरण त्याआधीचं. जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस म्हटलं होतं की माझी जाणीव मागच्या ज्या कृतीपर्यंत पोचते तिथवर मी तोच माणूस. आपल्याकडचा वादही याच मुद्द्यावर रंगला. न्यायसूत्रांचं म्हणणं असं की ज्याला मी डोळ्यांनी पाहिलं त्यालाच आता हाताने शिवतो आहे, हे मला कळतं. म्हणजे पाहणारा आणि शिवणारा असा एकच कुणीतरी टिकून असला पाहिजे. बौद्धांनी उलट सांगितलं की असा कायमचा कुणी लागत नाही, एका क्षणाचा संस्कार पुढच्या क्षणाला मिळत गेला की पुरे. एकाने आठवणीवरून आत्मा सिद्ध केला, दुसऱ्याने आत्म्यावाचून आठवण शक्य करून दाखवली. आठवणच तुटत गेली तर काय, याचा विचार दोघांच्याही युक्तिवादात फारसा येत नाही. तो दवाखान्यात आला.

अल्झायमर बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यातून सुरू होतो. नवी घटना पक्की करून ठेवण्याचं काम तिथलं, म्हणून सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी सांगता येत नाही. त्यात भर म्हणजे अमायलॉइड या प्रथिनाचे साके जिथे लवकर साचतात ते भाग, आपण रिकामे बसून स्वतःविषयी विचार करताना जी जाळी जागी असते, तिच्याशी बऱ्याच प्रमाणात जुळतात. कालचा मी, उद्याचा मी, लोकांच्या नजरेतला मी, ही सगळी जुळवाजुळव त्या जाळीत चालते. म्हणजे अल्झायमर ‘स्व’च्या जवळच घाव घालतो, यात शंका नाही. पण घाव कसा बसतो ते बघण्यासारखं आहे.

माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत जिवंत आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या असतात, आणि अल्झायमरमध्ये अलीकडचं आधी, जुनं नंतर जातं. त्यामुळे ऐंशीची बाई हळूहळू पंचविशीत जाऊन राहते. तिथून पाहिलं की बऱ्याच न कळणाऱ्या गोष्टी कळतात. स्वतःच्याच घरात बसून ती ‘मला घरी जायचंय, अण्णा वाट बघत असतील’ म्हणते, कारण तिच्या हिशेबी तिचे वडील हयात आहेत. समोर उभी असलेली पन्नाशीची लेक तिला लेक कशी वाटेल? ती बहीण वाटते, काकू वाटते, पुष्कळदा आईच वाटते. आरशातल्या म्हातारीशी काही रुग्ण परक्यासारखं बोलतात, तिला हाकलू पाहतात, आणि घरच्यांना आरशावर चादर टाकावी लागते. बाई ‘स्वतःला विसरली’ असं आपण म्हणतो. ती विसरलेली नाही. तिला स्वतःची जुनी आवृत्ती पक्की ठाऊक आहे, नवी तिच्यापर्यंत पोचलेलीच नाही.

याचा एक नेमका पुरावा २००३ साली स्टॅनली क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. ‘के. आर.’ या आद्याक्षरांनी नोंदलेल्या, अल्झायमर बराच पुढे गेलेल्या बाईला त्यांनी तिच्या स्वभावाविषयी विचारलं. ती ठामपणे उत्तरं देत होती. ती उत्तरं घरच्यांच्या उत्तरांशी ताडली तेव्हा दिसलं की आजारापूर्वी ती जशी होती तसंच ती स्वतःचं वर्णन करत होती. आजारात झालेला बदल त्यात नव्हता. मोग्राबी, ब्राउन आणि मॉरिस यांनी २००९ मध्ये या अवस्थेला थिजलेला ‘स्व’ म्हटलं. घरातल्या रोजच्या भांडणांचं मूळ इथे असतं. ‘मी स्वयंपाक करते की रोज!’ असं आई म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते, हट्टही करत नसते. बारा वर्षांपूर्वीची ती खरं बोलत असते.

मात्र डिमेन्शिया म्हणजे फक्त अल्झायमर नव्हे. ‘स्व’चा प्रश्न खऱ्या अर्थाने टोकाला जातो तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात. हा बऱ्याचदा पासष्टीच्या आत गाठतो, आणि सुरुवातीला आठवण जवळपास शाबूत असते. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा मेंदू झडत जातो आणि माणूस बदलतो. पै-पैचा हिशेब ठेवणारा गृहस्थ भर बाजारात उधळपट्टी करू लागतो. शब्द तोलून बोलणारी शिक्षिका व्याहीमंडळींसमोर अचकटविचकट बोलते. बायको पडली तरी नवरा टीव्हीवरून नजर हटवत नाही. घरात याला संगत, बाहेरख्यालीपणा, करणी, काय वाटेल ते नाव मिळतं. मानसोपचाराच्या आणि घटस्फोटाच्या वाटांवरून भटकून कुटुंब मेंदूच्या डॉक्टरपर्यंत पोचतं. ब्रूस मिलर यांनी २००१ मध्ये अशा ७२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सात जणांचा ‘स्व’ ठळकपणे पालटला होता : पेहराव, राजकीय मतं, धर्म, आवडीनिवडी. सातांपैकी सहांमध्ये भाषेची जबाबदारी नसलेल्या बाजूचा, म्हणजे बहुधा उजवा, पुढचा भाग सर्वांत जास्त बिघडला होता. पुढे विल्यम सीली यांनी दाखवलं की या आजारात वॉन इकोनोमो नावाच्या लांबट चेतापेशी निवडून मरतात. त्या असतात पोटातल्या कालवाकालवीची आणि समोरच्याच्या भावनेची सांगड जिथे पडते अशा भागांत.

नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकल्स यांचा २०१५ चा अभ्यास मला या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अल्झायमर, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, आणि बुद्धी बहुतांशी शाबूत ठेवून स्नायू निकामी करणारा ए.एल.एस. या तीन आजारांच्या रुग्णांच्या २४८ नातेवाइकांना त्यांनी विचारलं : तुमचं माणूस अजून तेच वाटतं का? सर्वांत जास्त ‘नाही’ आलं फ्रंटोटेम्पोरलवाल्यांकडून. आणि उत्तर ठरवत होता तो नैतिक स्वभावातला बदल. दया, खरेपणा, निष्ठा, माया. आठवण किती गेली याचा त्या उत्तराशी फारसा संबंध निघाला नाही. लॉक इथे निम्मा तरी हरतो. आपण ‘स्व’ आठवणीत बसवला त्याचं एक साधं कारण असं असावं की आठवण तपासता येते. आज वार कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा. माया किती उरली याला गुण देता येत नाहीत.

म्हणून मावशीच्या ‘आतून सगळं कळतं’ या वाक्याबद्दलही सावध राहायला हवं. ज्या बाईचा नवरा चाळिशीतच असा कोरडा, आक्रमक झाला, तिला ‘तो आत आहेच’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. कधी कधी माणूस खरोखर बदलतो. त्याचं दुःख करण्याचा तिला हक्क आहे, आणि त्याचा देह समोर वावरत असताना ते दुःख करायची सोय आपल्या रीतीभातींत नाही.

दुसऱ्या बाजूला अल्झायमरच्या रुग्णात काय उरतं त्याची यादी आश्चर्य वाटावं इतकी मोठी आहे. भावना प्रसंगापेक्षा जास्त टिकते. २०१४ मध्ये आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते त्यांना लवकरच आठवेना, पण मनात उठलेलं दुःख वा आनंद त्यानंतरही रेंगाळत होता. म्हणजे दुपारी केलेला अपमान संध्याकाळपर्यंत शिल्लक असतो, फक्त त्याचं कारण हरवलेलं असतं. भेटून आल्याचं आईला आठवत नाही, मग भेटायचं कशाला, असं म्हणणाऱ्या मुलांनी हा अभ्यास जरूर ध्यानात घ्यावा. गाणं टिकतं, २०१५ च्या एका अभ्यासात सुरांची जुनी ओळख जपणारे भाग अल्झायमरपासून तुलनेने बचावलेले दिसले. हाताचं कसब टिकतं, कारण त्याचा हिशेब हिप्पोकॅम्पसकडे नसतो. नातवाचं नाव न आठवणारी आजी कापूस हातात दिला की वाती वळते, पदर नीट करते, पाहुणा आला की ‘बसा’ म्हणते. संशोधक पिया काँटोस यांनी याला देहात मुरलेला ‘स्व’ म्हटलं. वाक्य पुरं न करता येणाऱ्या माणसाचा रुबाब, संकोच, नीटनेटकेपणा त्याच्या हालचालींत तसाच असतो, हे त्यांनी कॅनडातल्या एका वृद्धनिवासात महिनोन्‌महिने बसून टिपलं.

आणि भाषा. इथे बंगळुरूकडे स्वतःचं काही सांगण्यासारखं आहे. आज निम्हान्समध्ये असलेल्या न्यूरॉलॉजिस्ट सुवर्णा अल्लाडी यांनी हैदराबादच्या निजाम्स संस्थेत असताना डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या मानाने दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही फरक होता. हे शिक्षणाचंच फळ, असा आक्षेप त्यामुळे लंगडा पडला. पुढच्या सर्व अभ्यासांना असाच फरक मिळालेला नाही, हेही खरं. पण बंगळुरूसारख्या शहरात दोन भाषा ही चैन नसते. शहाजीराजांच्या काळापासून इथे मराठी नांदते आहे. भावसार शिंपी आणि मराठा घरांत ती कन्नड-तेलुगूचे रंग घेऊन आजही बोलली जाते. घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि पडद्यावर तमिळ असं आयुष्य गेलेला रजनीकांत याच शहरातला.

आजार वाढला की पुष्कळांत नंतर शिकलेली भाषा आधी ढासळते आणि माणूस बालपणीच्या बोलीकडे सरकतो. सगळ्यांत असं होत नाही; पण होतं तेव्हा घरात विचित्र पेच पडतो. चाळीस वर्षं इंग्रजीत कारभार केलेले आजोबा देशावरच्या मराठीत पाणी मागतात, नातवंडांना ती मराठी कळत नाही, आणि सांभाळायला ठेवलेली मुलगी झारखंडची किंवा आसामची. त्यांच्या बोलण्याला अर्थ उरला नाही असं सगळे समजतात. अर्थ असतो, ऐकणारा नसतो. तपासणीतही हेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशिक्षितांनाही चालतील अशा स्मृतीच्या व बुद्धीच्या चाचण्यांचा संच २०२० च्या सुमारास पाच भाषांत सिद्ध केला : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. आपल्या भाषेच्या अभिमानाचे मोर्चे अशा जागी कधी वळत नाहीत.

आता ते उचलून आणलेले आईवडील. साताऱ्याच्या वाड्यात सत्तर वर्षं काढलेल्या बाईचा बराचसा ‘स्व’ त्या वाड्यात ठेवलेला असतो. डबा कुठला ते फळी सांगते, वेळ काय झाली ते ऊन सांगतं, ‘काय वहिनी’ म्हणणारा भाजीवाला ती कोण आहे ते रोज सकाळी सांगून जातो. मुलगा तिला व्हाइटफील्डच्या चौदाव्या मजल्यावर आणतो आणि पंधरवड्यात फोनवर भावाला म्हणतो, आई एकदम खचली रे. एकदम काही झालेलं नसतं. मेंदूची उणीव जे घर भरून काढत होतं ते काढून घेतल्यावर उणीव उघडी पडली. आणू नये असं म्हणता येत नाही, पर्याय नसतो. पण येताना जुनी पितळी भांडी, जुनं पांघरूण, देव्हारा आणि रोजचा क्रम सोबत आणणं हा भाबडेपणा नाही, तो उपचाराचा भाग आहे.

बाहेरच्या माणसांनी ‘स्व’ धरून ठेवण्याची ही कल्पना इंग्लंडच्या टॉम किटवूड यांनी १९९७ च्या पुस्तकात सविस्तर मांडली. माणूसपण हे डोक्यात असण्याइतकंच आजूबाजूच्यांनी बहाल केलेलं असतं, आणि त्याच्या देखत त्याच्याविषयी बोलणं, त्याला बाळासारखं वागवणं, घाई करणं यांनी ते आजारापेक्षा लवकर झिजतं, असं त्यांचं म्हणणं. मराठीत हे सर्वांत नेटकं दाखवलं ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री एका हत्तीमागे चालत निघून जातात, आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही, म्हणून ती गेल्याचं दुःखही तिला नाही. समोरचा म्हातारा भुकेला आहे एवढं तिला कळतं. शास्त्री तिच्यात आई पाहतात आणि ती होऊन जाते. कन्नड वळणाचं मराठी बोलणाऱ्या या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्री झालेले मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. माझी एकच कुरकुर आहे. चन्नम्माला हे थोडाच काळ करायचं होतं. मुलीला, इराला, वर्षानुवर्षं. किटवूड वाचून मुलींवर अपराधाचं ओझं चढवणं फार सोपं आहे.

‘तो कोण’ हे ठरवायची पाळी कधी कोर्टावरही येते. पुरोहित होण्यासाठी पोरवयात मंगळुरूहून बंगळुरूच्या सेमिनरीत आलेले, मग मुंबई बंद पाडणारे कामगारनेते आणि देशाचे संरक्षणमंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस अनेक वर्षं अल्झायमरने आजारी होते. २०१० मध्ये त्यांनी कुणाजवळ राहावं यावरून पत्नी आणि भाऊ यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने पत्नीकडे राहू दिलं. आयुष्यभर सभा गाजवलेल्या माणसाची इच्छा काय, याबद्दल सगळे बोलत होते, तो सोडून. २०१९ च्या जानेवारीत ते वारले.

तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ मध्ये भूमिका घेतली होती की धडधाकट असताना माणसाने जी मूल्यं जपली तीच शेवटीही पाळावीत. त्यांच्यावर रिबेका ड्रेसर यांनी आक्षेप घेतला : आज समोर जो आहे त्याच्या सुखदुःखाचं काय? हा वाद आपल्या घरात आणून पाहा. समजा, साठ वर्षं तुळशीची माळ घालणाऱ्या, कांदालसूणही वर्ज्य असलेल्या वारकऱ्याने वृद्धनिवासात शेजाऱ्याच्या ताटातलं ऑम्लेट उचललं आणि मिटक्या मारत खाल्लं. दुसऱ्या दिवशी तो ते मागतो. मुलगा म्हणतो, बाबा शुद्धीत असते तर मरण पत्करलं असतं. मुलगी म्हणते, वर्षभरात पहिल्यांदा ते भरपेट जेवलेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा डिमेन्शियालाही लागू होतो आणि उपचार कसे हवेत, आपल्या वतीने कुणी बोलावं, हे आधीच लिहून ठेवू देतो. ताटाबद्दल तो काही म्हणत नाही.

मला विचाराल तर ऑम्लेट द्यावं, आणि माळही काढू नये. पण माझ्या मताची तिथे गरज पडू नये. निदान झाल्यावर सुरुवातीचे कित्येक महिने, कधी दोनतीन वर्षंही, हे सगळं खुद्द बाबांना विचारता येतं आणि त्यांना सांगताही येतं. आपल्याकडे त्या काळात निदानच त्यांच्यापासून लपवून ठेवतात.